जमिनीवर न पोचणारा पाऊस

जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपार कलताना, रामटेकच्या गडावरून खिंडसी तलावाकडे नजर टाकली की कधीकधी एक विचित्र पाऊस दिसतो. पाण्यापलीकडच्या टेकड्यांवर ढग उतरून आलेला असतो, त्याच्या पोटाखाली राखाडी झालर लोंबत असते. वाऱ्यानं ती तिरपी होते, एखाद्या उन्हाच्या तिरिपेत क्षणभर चांदीची होते, खाली खाली येत राहते, आणि मग टेकड्यांच्या माथ्यांच्या बरीच वर, शिवणाऱ्या बाईनं दोरा दातांनी तोडावा तशी, संपते. खाली धुरळा तसाच. सागाचं पान हलत नाही.

त्या झालरीत खराखुरा पाऊस असतो, थेंबांचा. पण मे महिन्यानं तापवून ठेवलेली हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच वाफ होतात. हवामानशास्त्राच्या इंग्रजीत त्याला ‘व्हर्गा’ म्हणतात; मूळ लॅटिन अर्थ काठी, डहाळी. माझा कान मात्र हट्टी. त्याला त्या शब्दात आपलं ‘विरणं’च ऐकू येतं. दोन्ही शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही हे मला ठाऊक आहे, पण आकाशात ती झालर विरताना पाहत असलो की व्युत्पत्तीचं कोण ऐकतो!

याच डोंगरावरून एका यक्षानं ढगाकरवी निरोप पाठवला. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच, असं वा. वि. मिराशींनी शिलालेख आणि ताम्रपट पुढे ठेवून मांडलं. सरगुज्याकडच्या रामगढनंही आपला दावा सोडलेला नाही. त्या वादात मला पडायचं नाही. मी रामटेकचा आहे आणि माझा निकाल आधीच लागलेला आहे. मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. ढग हा निरोप्या होण्याच्या लायकीचा नाही हे कालिदासाला पुरतं माहीत होतं. सुरुवातीलाच तो ते सांगूनही टाकतो. पण आषाढाच्या आधीचे हे कोरडे, फसवे ढग त्यानं इथं बसून पाहिले असतील का? बोलता बोलता हवेतच विरून गेलेला पाऊस, ज्याचं एक अक्षरही खाली उतरलं नाही? म्हणूनच का तो यक्ष वाटेतलं एकेक नाव इतक्या काळजीनं सांगतो, आम्रकूट सांगतो, रेवा कुठे भेटेल ते सांगतो, विदिशा, उज्जयिनी, शिप्रा, चर्मण्वती, आणि शेवटी अलकेतल्या आपल्या घराच्या खुणा, दाराशी काय आहे, अंगणात कुठलं झाड आहे, असं बारीक बारीक? सुखात असलेला माणूस ‘पलीकडच्या गल्लीत राहतो’ एवढंच सांगतो. दूर फेकलेल्याला प्रत्येक वस्तू तिच्या नेमक्या नावानं लागते.

कोश चाळण्याची खोड मला आहे, आणि अनवट इंग्रजी शब्दांवर माझा जीव जडतो तो यासाठीच. विज्ञानातले असोत, कायद्यातले असोत, रानावनातले असोत. त्या प्रत्येकामागे कुणीतरी एका वस्तूपुढे फार वेळ थांबलेलं असतं.

मग एक दिवस झालर तुटत नाही. गडाच्या पायऱ्यांवर पहिले टपोरे थेंब पडतात, तापलेल्या दगडावर काळे ठिपके उठतात आणि बघता बघता वाळतात, पुन्हा उठतात, आणि सगळ्या डोंगरातून तो वास वर येतो, ज्याच्यासाठी विदर्भातला माणूस चार महिने उन्हाळा सोसतो. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड ग्रेनफेल थॉमस यांनी, त्या वासाला ‘पेट्रिकोर’ म्हटलं. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे दगड, आणि इकोर म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. कोरड्या खडकांतून त्यांनी पिवळसर तेल काढलं होतं, ‘नेचर’मध्ये निबंध लिहिला होता; आणि आपल्या उत्तर प्रदेशातले अत्तरवाले हाच वास मातीचं अत्तर म्हणून केव्हाचे काढत आले आहेत, याची त्यांनी प्रांजळपणे नोंदही केली. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिसलं, की सच्छिद्र जमिनीवर थेंब आपटला की त्याच्या तळाशी हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वासाचे तुषार हवेत उडवतात. हलक्या, संथ पावसात जास्त. धो धो कोसळतो तेव्हा कमी. आपला मृद्गंध हा शब्द सुंदर आहे, पण त्यात माती आहे. रामटेकचा पहिला वास मातीचा नसतोच. तो पायरीचा असतो, दगडाचा. इथं मला परका शब्द जवळचा वाटतो, आणि तसं वाटू दिल्यानं मराठीचं काही बिघडत नाही.

कायद्याचे शब्द मात्र कोरडे, ही समजूत याच डोंगरानं माझी मोडली. पाचव्या शतकात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, हिनं एक दानपत्र दिलं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तो ताम्रपट सापडला. दान कुठून दिलं तर रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी. ती तरुणपणीच विधवा झाली होती, मुलं लहान, राज्य सांभाळायचं होतं. इथं, नागरधनच्या राजधानीतून हाकेच्या अंतरावर, ती दर्शनाला चढून येत असेल.

वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला कशाकशातून सूट, त्याची यादी असते, आणि ती यादी मी कविता वाचावी तशी वाचतो. ‘अभटच्छात्रप्रावेश्य’: या गावात सरकारी शिपाई-प्यादे शिरायचे नाहीत. ‘अपुष्पक्षीरसंदोह’: फुलं आणि दूध वसूल करायचं नाही. ‘अपारंपरगोबलीवर्द’: पाळीपाळीनं बैल पुरवायला लावायचं नाही. ‘अचारासनचर्मांगार’: दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या जनावरांसाठी गवत, त्याला बसायला कातडी, शेकायला कोळसा, काही मागायचं नाही. प्रत्येक ‘अ’ हा एक सुटकेचा श्वास. त्या एका अक्षरामागे दीड हजार वर्षांपूर्वीचं गाव उभं राहतं. पहाटे दारात थांबलेला शिपाई, फुलं खुडून नेल्यावर मोकळी झालेली वेल, दूध काढून नेल्यावर हंबरणारं वासरू आणि काही न बोलणारी घरची बाई. कायद्यात ती कुठे नसते. पण ‘दूध नाही’ असं तांब्यावर कोरण्याची पाळी आली, म्हणजे दूध नेलं जात होतं.

आणि ‘सनिधि, सोपनिधि’: गावाच्या जमिनीखाली दडलेलं धन असेल तर तेही दान. इंग्रजी कायद्यात याचा भाऊबंद आहे, ‘ट्रेझर ट्रोव्ह’. १८७८ चा आपला कायदा अजून त्याच नावानं ओळखला जातो, मराठीत निखात निधी. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सापडली तर कलेक्टरला कळवा, असं तो सांगतो. वाकाटकांचा राजा म्हणतो, खाली असेल ते तुझं. इंग्रज म्हणतो, आधी कळव. दोघांच्याही डोळ्यांपुढे जमिनीखालचं सोनं. जमिनीवर रोज पहाटे जे पडतं त्याचं काय, हा प्रश्न आमच्याकडे मोहाच्या झाडाखाली सुटतो.

मार्च सरता सरता मोह निष्पर्ण होतो, फांद्यांच्या टोकांना तपकिरी झुबके येतात, आणि रात्रीतून त्यांतली फुलं पिकतात. फूल म्हणजे पाकळ्यांचं नाजूक प्रकरण नव्हे. मोत्याच्या रंगाचा, गुबगुबीत, आतून पोकळ, गोड रसाचा गोळा. पहाटेच्या अंधारात ती टपटपू लागतात. झाडाखालचा पालापाचोळा आदल्या दिवशीच झाडून साफ केलेला असतो, कारण पाल्यात फूल हरवतं. बायका आणि पोरं टोपल्या घेऊन उजाडण्याआधी येतात. वाकून, चिमटीनं, न दाबता वेचायचं, उशीर केला तर रानातली जनावरं आधी येऊन जातात. उठून बसल्यावर कंबर धरते. हवेत तो जड, आंबूस-गोड वास, जो सवय नसलेल्याच्या डोक्यात चढतो आणि सवय असलेल्याला भूक लावतो. वर पाहिलं तर फांदीवर फुलामागे राहिलेलं गर्भाशय आणि त्याची लांब हिरवी शेपटी लटकत असते. पाकळ्यांचा गोळा गेला, फळ धरायचं काम मागे चालू.

वनस्पतिशास्त्रात अशा लवकर गळणाऱ्या भागाला ‘कॅड्युकस’ म्हणतात. गंमत अशी, की रोमन कायद्यातही हाच शब्द आहे. ज्याला घ्यायला कुणी उरलं नाही, असा मृत्युपत्रातला वाटा ‘गळून पडलेला’ मानायचा आणि तो खजिन्यात जायचा. पुढे इंग्रजांनी त्याला ‘एस्चीट’ म्हटलं, आपल्या संविधानाच्या २९६ व्या अनुच्छेदात तो बसला, आणि आपण साध्या मराठीत बेवारस, सरकारजमा म्हणतो. फूल गळतं, वारसा गळतो. झाडाखाली आणि कोर्टात गळण्याला एकच नाव, आणि दोन्हीकडे खरा प्रश्न तोच: खाली पडलं ते कुणाचं?

रोमनांनी त्यालाही एक शब्द करून ठेवला होता, ‘यूझुफ्रक्ट’. झाड तुझं नाही, जमीन तुझी नाही, पण वापर आणि फळ तुझं. मूळ वस्तू मात्र जशीच्या तशी राहिली पाहिजे. आपल्याकडच्या कब्जेगहाणात याची सावली आहे. पण रामटेकच्या रानातल्या माणसाला यूझुफ्रक्ट शिकवायला नको, त्याच्याकडे निस्तार आहे. जळणाचं लाकूड, छपराचं गवत, कुंपणाची काटेरी फांदी, गुरांना चराई, घरासाठी माती, हे सगळं जगण्यापुरतं रानातून आणायचं, त्याला मध्य प्रांतापासून निस्तार म्हणतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आहे, त्याच्याच शेजारी वाजिब-उल-अर्ज हा फारसी थाटाचा कागद आहे, ज्यात गावाच्या वहिवाटी नोंदवायच्या. पुणे-साताऱ्याच्या वकिलाला हे शब्द विचारा, तो थबकेल. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरची मालकी वनवासींची मानली. गौण! ज्या फुलावर घराचा उन्हाळा निघतो ते सरकारदरबारी गौण. मला या एका मराठी शब्दाचा जितका राग येतो तितका कुठल्याही लॅटिन शब्दाचा येत नाही.

डिसेंबरात गडाखालच्या अंबाळा तलावाच्या घाटावर ऊन खात बसलेली वानरं पाहिली की हा राग उतरतो. रात्रभर गारठलेली, काळ्या तोंडाची, पाठ सूर्याकडे आणि हात गुडघ्यांवर टाकून. एखादं पिल्लू आईच्या पोटातून मान काढून पुन्हा आत घेतं. त्या उन्हाला, म्हणजे थंडीतल्या उन्हाच्या उबेला, इंग्रजीत ‘अप्रिसिटी’ असा शब्द होता. १६२३ च्या हेन्री कॉकरॅमच्या कोशात तो आहे आणि त्यानंतर जवळजवळ कुणी वापरला नाही. थंड देशातल्या लोकांनी हिवाळी उन्हाचा शब्द टाकून द्यावा, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आपण त्याला कोवळं ऊन म्हणतो आणि पुढे जातो.

शब्द घडवणारा एक माणूस नागपुरात होऊन गेला, डॉ. रघुवीर. स्वातंत्र्याच्या त्या वर्षांत मध्य प्रांत सरकारच्या पाठबळानं त्यांनी इथं बसून विज्ञान, कायदा, शासन यांच्या इंग्रजी संज्ञांना संस्कृत धातूंपासून हजारोंनी प्रतिशब्द पाडले. लोक हसले, अजून हसतात, आणि त्यांनी केलेच नाहीत असे विनोदी शब्दही त्यांच्या नावावर खपवतात. त्यांचे पुष्कळ शब्द मलाही जड जातात. पण त्या खटाटोपात एक विरह आहे असं मला वाटतं, आपल्या भाषेत एखाद्या वस्तूचं नाव नाही म्हणून लागलेली तळमळ. तिची थट्टा माझ्याच्यानं होत नाही.

उलटा प्रवासही झाला आहे, आणि तो ऐन आमच्या दारातून. रामटेकहून मनसरला उतरा. हिडिंबा टेकडीवर वाकाटकांच्या विटा उघड्या पडलेल्या आहेत आणि तिच्या आसमंतात मँगनीजच्या खाणी. काळं, हाताला डाग लावणारं धातुक, आकाराच्या मानानं भलतंच जड. आणि त्याच्या अंगालगत एक खडक, गारेच्या पांढऱ्या कणांत नारिंगी-तपकिरी गार्नेटचे दाणे खच्चून भरलेले. उन्हात तिरका धरला की दाणे पेटतात. अब्जभर वर्षांमागे तो समुद्राच्या तळाचा मँगनीजयुक्त गाळ होता. मग दाबला, भाजला, दुमडला गेला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या लुईस ली फर्मर यांनी १९०९ साली मँगनीजवरच्या आपल्या थोरल्या ग्रंथात या खडकाला नाव दिलं ‘गोंडाइट’. गोंडांच्या मुलखातला, म्हणून. पश्चिम आफ्रिकेतल्या खडकांनाही पुढे तेच नाव लागलं. इथल्या थरांची नावंही गावांचीच आहेत, मनसर, चोरबावली, लोहांगी, जुनेवानी. जबलपूर रस्त्यावर जिथं चहाला थांबावं ती चोरबावली भूविज्ञानाच्या इंग्रजीत एका अतिप्राचीन वाळूच्या थराचं नाव होऊन बसली आहे. आणि गोंडवन तर अख्ख्या महाखंडाला दिलं गेलं. ज्यांच्या नावानं एक खंड फुटून जगभर विखुरला, त्यांना निस्तारपत्रकातल्या दोन ओळींसाठी तहसीलीच्या व्हरांड्यात बसावं लागतं. हे मी कडवटपणे लिहीत नाही. लिहिल्यावर ते आपोआपच कडवट झालं.

या फर्मरसाहेबांचा मुलगा पॅट्रिक १९१५ साली लंडनला जन्मला. बाप हिंदुस्थानात खडक फोडत होता. आई तान्ह्या पोराला एका इंग्रज खेड्यातल्या कुटुंबाकडे ठेवून नवऱ्याकडे निघून आली, महायुद्धाचे दिवस, समुद्रात पाणबुड्या. पोर चारेक वर्षांचं होईपर्यंत परक्या अंगणात मजेत वाढलं. बापाची भेट पुढेही मोजकीच. १९३३ च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी, तो हॉलंडच्या किनाऱ्यावरून पायी निघाला तो कॉन्स्टँटिनोपलपर्यंत, आणि कितीतरी वर्षांनी, १९७७ मध्ये, त्या प्रवासाचं पहिलं पुस्तक लिहिलं. पॅट्रिक ली फर्मर. इंग्रजीतला अनवट शब्दांचा केवढा तरी रसिक. किल्ल्यांचे, पोशाखांचे, पंथांचे, टोप्यांचे विसरलेले शब्द तो पानोपानी उधळत जातो. बापाविषयी त्यात थोडंच आहे. त्याच्या नावानं एक खनिज ओळखलं जातं, असं तो लिहितो. पाठीवर केस असलेला एक किडा आणि हिमकणाचा एक आकारही त्याच्या खात्यावर आहे, असं मिस्कीलपणे जोडतो. ते खनिज, फर्मराइट, छिंदवाड्याकडच्या सितापारच्या खाणीतलं.

त्याचं पुस्तक वाचताना मला मनसरचा तो दाणेदार खडक आठवत राहतो. एकीकडे बाप, ताडपत्रीच्या तंबूत, कंदिलापाशी, दिवसभर फोडलेल्या दगडांची नावं लिहितोय. दुसरीकडे त्याला नीट न ओळखणारा मुलगा नद्या, पूल, मनोरे यांची नावं जमवत युरोपभर चालतोय. दोघांच्याही वह्या भरलेल्या. एकमेकांसाठी लिहिलेलं त्यांत किती होतं? रामगिरीच्या परिसरात हे घडलं, हा योगायोगच. पण डोंगरांना सवयी असतात असं मी मानतो.

तर शेवटी तो यक्ष. कर्तव्यात कसूर केली म्हणून धन्यानं त्याला वर्षभरासाठी घालवून दिलं. आजच्या पोलिसी मराठीत तडीपार. आपल्या कायद्यात तडीपारी दोन वर्षांपर्यंत जाते, म्हणजे कुबेर तसा मवाळच. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात एक कलम होतं: ज्याची खबर मिळायला हवी अशांनाच सात वर्षं काही खबर मिळाली नाही, तर तो माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार जिवंत म्हणणाऱ्यावर. यक्षाला ते कलम लागत नाही, पण ढगाकडे पाहून तो जे काही सांगतो ते सगळं त्या एका पुराव्यासाठीच आहे. मी आहे, एवढं तिकडे कळू दे.

निरोप पाठवला तेव्हा शिक्षेचे चार महिने उरले होते. या चारांचा हिशेब आषाढाच्या पहिल्या दिवसापासून धरला तर दहा दिवस जास्त भरतात. म्हणून काही जुन्या टीकाकारांनी ‘प्रथम’ऐवजी ‘प्रशम’ असा पाठ धरला, म्हणजे आषाढाचा शेवटचा दिवस. एका ‘थ’चा ‘श’, आणि त्यावर शतकानुशतकं वाद. आमच्या विदर्भात पाऊस कधी लागतो हे त्या टीकाकारांना ठाऊक असतं तर त्यांनी दहा दिवसांची एवढी चिंता केली नसती. सुटकेची तारीख मात्र पक्की: विष्णू शेषावरून उठतो तो दिवस, कार्तिकी एकादशी. रामटेकची जत्रा भरते चार दिवसांनी, त्रिपुरी पौर्णिमेला. तो काही तेवढ्यासाठी थांबला नसणार.